घसरत्या बर्फाच्या फरशीचे कोडे कसे सोडवावे

रोल-प्लेइंग प्रकारच्या, म्हणजे एखाद्या पात्राची भूमिका घेऊन खेळायच्या व्हिडिओ गेममध्ये, गोष्ट कुठलीही असो आणि नायक कोणीही असो, कधीतरी बर्फाची गुहा लागतेच. त्या गुहेच्या फरशीवर पाऊल पडले की नायक आपल्या ताब्यात राहत नाही. उजवीकडचे बटण दाबले की तो उजवीकडे घसरत जातो आणि भिंत किंवा दगड आडवा येईपर्यंत मधे कुठेच थांबत नाही. समोर दिसणारे दार चार पावलांवर असते, पण तिथे पोहोचता पोहोचता अर्धी दुपार जाते. मे महिन्यात ज्या चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि बर्फ म्हटले की गारपिटीने झोपलेला हरभरा नाहीतर जत्रेतला गोळेवाला आठवतो, तिथल्या खेळाडूला ही फरशी परकी वाटणे साहजिक आहे. मात्र हे कोडे सोडवायला बर्फाची ओळख लागत नाही. चौकटीची वही, पेन्सिल, खोडरबर आणि थोडी सबुरी एवढेच पुरते.

अनेक जण अशा वेळी उत्तराचा व्हिडिओ शोधतात. त्यात डेटा तर जातोच, शिवाय मिळते ती फक्त बटणांची यादी: वर, डावे, खाली, उजवे. त्यातले एक बटण चुकले की आपण भलत्याच जागी उभे असतो आणि तिथून पुढे ती यादी निरुपयोगी ठरते. रीत समजली असेल तर कुठल्याही जागेवरून वाट काढता येते, म्हणून ही रीत एकदा नीट शिकून घेणे फायद्याचे आहे.

आधी नियम तपासा

कागद काढण्यापूर्वी त्या खेळातील बर्फ नेमका कसा वागतो ते पाहून घ्यावे, कारण सगळ्या खेळांत तो सारखा नसतो. पहिली गोष्ट म्हणजे घसरत असताना दिशा बदलता येते का; चौकटींवर चालणाऱ्या बहुतेक जुन्या खेळांत ती येत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे बर्फ संपून कोरडी जमीन आली की नायक कुठे थांबतो. बहुधा तो कोरड्या जमिनीच्या पहिल्याच घरावर थांबतो, आणि म्हणून बर्फाच्या मधोमध दिसणारा कोरडा तुकडा भिंतीइतकाच मोलाचा असतो. तिसरी गोष्ट म्हणजे दगड जागचे हलतात का, आणि एकाच घरावरून दोनदा गेल्यास बर्फ तडकतो का. एवढी तपासणी करून, गुहेच्या तोंडाशीच गेम सेव्ह करून ठेवावा.

या बर्फामागचे विज्ञान नववीच्या पुस्तकातील ‘गतीचे नियम’ या प्रकरणात सापडते. बाहेरून असंतुलित बल लागले नाही तर चालती वस्तू त्याच वेगाने सरळ रेषेत चालत राहते, हा न्यूटनचा पहिला नियम. खेळ रचणाऱ्यांनी घर्षण शून्य धरले आहे. खऱ्या बर्फावर थोडे घर्षण असतेच, त्यामुळे खरा माणूस आज ना उद्या थांबतो. खेळातला नायक मात्र भिंत येईपर्यंत थांबणार नाही, आणि या खोटेपणामुळेच कोडे नेमके मोजता येते.

नकाशा काढा

आता फरशी वहीत उतरवून घ्यावी. वहीची एक चौकट म्हणजे फरशीचे एक घर, जसे बुद्धिबळात म्हणतात तसे. हे काम कंटाळवाणे वाटते, पण ते टाळू नये, कारण पडद्यावर सगळी खोली एकदम दिसतेच असे नाही. गेम बॉय कलर या हातात धरून खेळायच्या जुन्या यंत्राचा पडदा १६० × १४४ ठिपक्यांचा होता आणि पोकेमॉनसारख्या खेळात एक घर १६ × १६ ठिपक्यांचे, म्हणजे एका वेळी आडवी १० आणि उभी ९ एवढीच घरे नजरेस पडत. ज्या दगडाला टेकून थांबायचे तो दगड पुष्कळदा पडद्याच्या बाहेर असतो, आणि तिथेच अंदाजाने खेळणारा फसतो. मोबाइलवर खेळत असाल तर खोलीच्या प्रत्येक भागाचा स्क्रीनशॉट काढून, ते पाहून निवांत नकाशा काढावा. वीज गेली तरी वहीचे काम अडत नाही.

उदाहरणासाठी एक लहान खोली घेऊ. ती ५ ओळी आणि ५ रकान्यांची आहे आणि चारही बाजूंनी भिंत आहे. ‘द’ म्हणजे दगड, ‘ब’ म्हणजे बर्फ आणि ‘ख’ म्हणजे खेळाडूची सुरुवातीची जागा. बाहेर पडायचे दार वरच्या भिंतीत, तिसऱ्या रकान्याच्या डोक्यावर आहे.

द ब ब ब ब
ब ब ब ब ब
ब ब ब ब ब
ब ब ब द ब
ब द ब द ख

घराचा पत्ता लिहिताना आधी वरून मोजलेली ओळ आणि मग डावीकडून मोजलेला रकाना लिहू. म्हणजे खेळाडू ५-५ या घरावर आहे आणि दगड १-१, ४-४, ५-२ व ५-४ या घरांवर आहेत.

घरे सोडा, थांबे धरा

या कोड्यातली मुख्य गोष्ट अशी की नायक किती घरांवरून जातो याला काहीच महत्त्व नसते. तो कुठे थांबतो तेवढेच महत्त्वाचे असते. जलद एसटी वाटेतल्या दहा गावांतून जात असली तरी उतरता येते ते तिच्या थांब्यावरच, तसेच हे आहे. आपल्या खोलीत दगड वगळता २१ घरे आहेत, पण ५-५ पासून निघून जितक्या जागी थांबता येते त्या मोजल्या तर सुरुवातीच्या घरासह फक्त १० भरतात. म्हणजे निम्म्याहून जास्त फरशी विचारातून आपोआप बाद होते. मोठ्या गुहेत तर थांब्यांचे प्रमाण आणखी कमी असू शकते.

थांबे शोधायचे ते असे. सुरुवातीच्या घरावरून चारही दिशांना बोट फिरवून पाहावे आणि जिथे अडते त्या घरावर पेन्सिलीने टिंब द्यावे. ५-५ वरून डावीकडे लगेच दगड, उजवीकडे व खाली भिंत, म्हणून फक्त वर जाता येते. नायक थेट १-५ वर जाऊन थांबतो. १-५ वरून खाली गेलो तर पुन्हा ५-५, म्हणून डावीकडे. तिथे तो दाराच्या खालून, १-३ वरून सरळ पुढे निघून जातो आणि १-१ च्या दगडाला अडून १-२ वर थांबतो. याच जागी नवखा खेळाडू चिडतो. सुटीत घरच्या छपरीत शहाबादी फरशीवर खडूने हीच खोली काढून, चार खडे दगड म्हणून आणि एक चिंचोका खेळाडू म्हणून ठेवला, तेव्हा सहावीतला भाचा चिंचोका दारापाशी अडवू पाहत होता आणि म्हणत होता, “मामा, हा तं दारासमोर थांबूनच नाही राह्यला!” तो थांबणार नाही, कारण तिथे त्याला अडवणारे कोणी नाही. दार दिसते म्हणून त्या दिशेने जाण्याचा मोह या कोड्यात सर्वात जास्त वेळ खातो.

दारापासून मागे या

म्हणून दुसऱ्या टोकाकडून विचार करावा. बाहेर पडायचे तर तिसऱ्या रकान्यात कुठेतरी उभे राहून वर जायला हवे. मग प्रश्न एवढाच उरतो की तिसऱ्या रकान्यात थांबा कुठे आहे. तिथे दोनच जागा सापडतात. एक ५-३, दोन दगडांच्या मधली. पण तिच्या डावीकडे आणि उजवीकडे दगड असल्याने तिथे वरूनच येता येते, म्हणजे तिसऱ्या रकान्यात आधीच असावे लागते. ती दिसायला सोयीची आणि उपयोगाला शून्य. दुसरी ४-३, जिच्या उजवीकडे ४-४ चा दगड आहे. चौथ्या ओळीत डावीकडून घसरत आलो की या दगडाला टेकून नायक ४-३ वर थांबेल.

आता ४-३ च्या मागे जाऊ. चौथ्या ओळीत डाव्या बाजूला थांबायला जागा कोणती? ४-१ वर उभ्या दिशेने येऊन थांबता येत नाही, कारण त्या रकान्यात खाली गेलो तर ५-१ आणि वर गेलो तर २-१ येते. ४-२ वर मात्र थांबता येते, कारण तिच्या खाली ५-२ चा दगड आहे. तिथे पोहोचायचे तर दुसऱ्या रकान्यात वरून खाली यायला हवे, आणि दुसऱ्या रकान्याच्या माथ्यावर, १-२ वर, आपण मघाशी थांबलेलोच आहोत. पुढून आणि मागून काढलेल्या दोन्ही वाटा इथे एकमेकींना मिळाल्या. उत्तर असे: वर, डावीकडे, खाली, उजवीकडे, वर.

मागून येताना प्रत्येक दगडाला एकच प्रश्न विचारावा, की तू कोणासाठी ठेवला आहेस. कोडे रचणारा सहसा उगीच दगड ठेवत नाही. आपल्या खोलीत १-१, ५-२ आणि ४-४ हे तीन दगड थेट वाटेतले आहेत. चौथा, ५-४ चा, नसता तर सुरुवातीलाच डावीकडे घसरून नायक ५-३ वर थांबला असता आणि दोन चालींत बाहेर पडला असता. म्हणजे तो दगड सोपी वाट बुजवण्यासाठी आहे. असा दगड ओळखता आला की रचणाऱ्याच्या मनातली वाटही बऱ्याचदा ओळखता येते.

एक सावधगिरी मात्र बाळगावी लागते. बर्फावर गेलेल्या वाटेने परत येता येईलच असे नाही. ४-१ वरून वर गेलो तर २-१. पण २-१ वरून खाली आलो तर नायक ४-१ वर न थांबता ५-१ पर्यंत जातो. म्हणून नकाशावर दोन थांबे नुसत्या रेषेने न जोडता बाणाने जोडावेत. आपल्या खोलीत वाट चुकली तरी २-१, २-५, १-५ असे फिरून पुन्हा वाटेवर येता येते. काही गुहांत मात्र बाहेर जाऊन खोलीत पुन्हा शिरण्यावाचून इलाज नसतो.

खोली फार मोठी असेल आणि मागून येतानाही फाटे फुटत असतील, तर थरांची यादी करावी. शून्याव्या थरात सुरुवातीचे घर. पहिल्या थरात एका चालीत गाठता येणारे थांबे. दुसऱ्यात त्यांच्यावरून नव्याने मिळणारे. आणि आधी आलेला थांबा पुन्हा लिहायचा नाही. दार ज्या थरात पहिल्यांदा येईल तितक्या चालींची वाट ही सर्वात छोटी असणार, याची खात्री असते. संगणकशास्त्रात ही रीत मूलभूत मानतात. अमेरिकी गणितज्ञ एडवर्ड मूर यांनी १९५९ साली चक्रव्यूहातील सर्वात छोट्या वाटेसाठी ती मांडली होती. आपल्या उदाहरणात दार पाचव्या थरात येते, म्हणून पाचपेक्षा कमी चालींत ही खोली सुटत नाही.

दगड हलत असतील तर

१९९९ साली जपानमध्ये आलेल्या पोकेमॉन गोल्ड आणि सिल्व्हरमध्ये ब्लॅकथॉर्न शहराच्या वाटेवर आइस पाथ नावाची गुहा लागते. तिथे वरच्या मजल्यावरचे धोंडे ढकलून भोकांत पाडावे लागतात, आणि ते खालच्या मजल्यावर पडून तिथल्या बर्फावरचे थांबे बनतात. अशा ठिकाणी खालच्या मजल्याचा नकाशा आधी काढावा, कोणत्या घरावर अडसर हवा ते ठरवावे आणि मग वर जाऊन धोंडे ढकलावेत. उलट क्रमाने गेल्यास काम दुप्पट होते. २००६ च्या पोकेमॉन डायमंड आणि पर्लमधील स्नोपॉइंट जिममध्ये (जिम म्हणजे या खेळांतला लढतीचा आखाडा) घसरत येऊन धडकल्यावर फुटणारे हिमगोळे आहेत; तिथे गोळा फोडण्याआधी तो थांबा म्हणून वापरून घेता येतो का ते पाहावे, कारण फुटल्यावर तो थांबा गेला.

तडकणारा बर्फ

हे कोडे याच जातीचे समजले जाते, पण खरे तर ते निराळे आहे. २००२ च्या पोकेमॉन रूबी आणि सफायरमधील सूटोपोलिस जिममध्ये नायक घसरत नाही, एक-एक घर चालतो. पण पाऊल पडलेले घर तडकते आणि त्यावर दुसऱ्यांदा पाय पडला की तो खालच्या मजल्यावर कोसळतो. पुढचा जिना उघडायचा तर तेवढ्या भागातील प्रत्येक घरावरून एकदाच जायला हवे. इथे थांब्यांची रीत चालत नाही.

इथे नकाशावर बुद्धिबळाच्या पटासारखी एकाआड एक घरे रंगवावीत. प्रत्येक पावलाला रंग बदलतो, म्हणून दोन्ही रंगांच्या घरांची संख्या सारखी असावी किंवा एकाने कमीजास्त. ३ × ३ च्या खोलीत कोपऱ्यांची आणि मधले अशी ५ घरे एका रंगाची, तर कडांच्या मधली ४ दुसऱ्या रंगाची असतात. त्यामुळे कडेच्या मधल्या घरातून सुरुवात केली तर नऊही घरे एकेकदा ओलांडणे अशक्यच आहे, कितीही वेळा प्रयत्न केला तरी. त्यानंतर ज्या घराला दोनच शेजारी आहेत ती घरे शोधावीत, कारण सुरुवात किंवा शेवट तिथे नसेल तर एका शेजाऱ्याकडून आत आणि दुसऱ्याकडून बाहेर हाच मार्ग उरतो. कोपऱ्यांची ही घरे अशा ठळक रेघांनी आधी जोडून टाकली की मधल्या भागात ठरवायचे फार थोडे राहते. वाट आखताना आपल्या मागे एखादे घर एकटे सुटत असेल तर तिथूनच मागे फिरावे. त्या घराकडे परत यायला नंतर वाट उरलेली नसते.