शर्यतीआधी सराव आणि अंगमेहनतीचं काम: या चुका टाळा

पाण्यावर किती तास घालवले हे वल्हवणारे वहीत नेमाने लिहितात. दिवसभर पोती उचलली, माती खणली, त्याची मात्र कुठेच नोंद नसते. सगळ्यात मोठी चूक हीच, कारण दोन्हीकडे दमतात ती पाठ, ते खांदे आणि ते मनगट एकाच माणसाचे असतात.

हिशेब सोपा आहे. मेहनत किती जड वाटली त्याला १ ते १० पैकी गुण द्या आणि मिनिटांनी गुणा. तासभर जोरदार वल्हवणं ७ गुणांचं धरलं तर ४२० होतात. आठ तासांच्या कामाला ३ गुण दिले तरी १,४४०! आकडे ढोबळ आहेत, पण हा आठवडा मागच्यापेक्षा किती जड गेला ते त्यातून लगेच दिसतं.

जड कामाच्या दिवशी संध्याकाळी वेगाचा सराव ठेवू नका. थकलेलं धड वळत नाही, मग वल्हं नुसत्या हातांनी ओढलं जातं आणि तीच खोड अंगात मुरते. जोराचा सराव हलक्या कामाच्या दिवशी किंवा सकाळी कामाआधी करा. जड दिवशी अर्धा तास संथ वल्हवणं पुरे. पाण्यात उतरल्यावर दहा मिनिटांतच हात भरून येत असतील तर आधी पकड बघा. दिवसभर फावडं आवळून धरलेला हात वल्हंही तसंच आवळतो. कयाकमध्ये (दोन्ही टोकांना पाती असलेल्या वल्ह्याने चालवायच्या अरुंद होडीत) वरचा हात पुढे ढकलताना त्याची बोटं थोडी उघडी सोडा, कोपरापासून मनगटापर्यंतच्या स्नायूंना प्रत्येक फटक्यात तेवढीच उसंत मिळते.

कामावरून उपाशीपोटी थेट पाण्यात उतरू नका.

‘कामातच व्यायाम होतो’ म्हणून सराव सोडणंही चुकीचंच. ओझं उचलून धड वळवण्याची आणि पायाने रेटा देण्याची लय येत नाही. कामाचे दिवस जड असतील तर जिममधली वजनं मात्र खुशाल कमी करा.

खांदा रात्री ठणकत असेल किंवा बोटांना मुंग्या येत असतील तर तो साधा थकवा समजू नका, डॉक्टरांना दाखवा.

शेवटच्या एक-दोन आठवड्यांत सरावाचा वेळ निम्म्याच्या आसपास आणतात आणि जोरात वल्हवण्याचे थोडे छोटे टप्पे ठेवतात. इथे बरेच जण फसतात. शर्यतीसाठी रजा घ्यायची म्हणून साचलेलं सगळं काम आदल्या चार दिवसांत उरकतात, किंवा मोकळा वेळ मिळाला म्हणून घरातलं जड सामान हलवायला घेतात. अनोळखी ओझ्याने अंग सहसा एक ते तीन दिवसांनी जास्त दुखतं, म्हणजे नेमकं शर्यतीच्या सकाळी. म्हणून उचलापाचलीची कामं दोन आठवडे आधीच संपवा. जी टळणार नाहीत, त्यांच्यासाठी सोबत्याशी अदलाबदलीचं आत्ताच बोलून ठेवा.