शास्त्रवचन चालीवर पाठ कसे करावे

बायबलमधले वचन चालीवर पाठ करायचे ठरवले की सर्वांत आधी एका गोष्टीचा निर्णय करावा लागतो : आपल्याला वचनावर रचलेले गीत हवे आहे, की वचन जसे छापले आहे तसेच हवे आहे? नारायण वामन टिळकांनी अभंग, ओवी आणि कीर्तन ही आपल्या मातीतली रूपे ख्रिस्ती उपासनेत रुजवली, आणि मराठी मंडळ्या आजही त्यांच्या ऋणात आहेत. परंतु अभंगाच्या मोजक्या अक्षरांच्या चरणांत बसवलेला आशय कवीच्या शब्दांत असतो, शास्त्राच्या नव्हे. पाठांतरासाठी शास्त्रातलाच शब्द, त्याच क्रमाने, तोंडी बसावा लागतो. म्हणून चाल अडली तर चाल बदलावी, शब्दाला हात लावू नये.

यासाठी घरातल्या सर्वांनी एकच भाषांतर आणि त्याची एकच आवृत्ती धरावी. मराठीत एकाहून अधिक भाषांतरे आहेत, पंडिता रमाबाईंनी केलेले संपूर्ण भाषांतर त्यांपैकीच एक. शिवाय जुन्या आणि नव्या आवृत्त्यांत क्रियापदांची रूपेही थोडी बदललेली आढळतात. आजी एक रूप म्हणते आणि नातू दुसरे, असे झाले की चाल दोघांनाही अडखळवते, आणि चालीत बसलेली चूक नंतर काढणे फार कठीण जाते.

शास्त्रातील बहुतेक मराठी मजकूर गद्य आहे, त्यामुळे त्याला ठेक्यात कोंबण्याचा मोह टाळावा. त्यापेक्षा पठणाची रीत घ्यावी. स्तोत्रसंहितेतील, म्हणजे बायबलमधल्या स्तोत्रांच्या पुस्तकातील, ओळी बहुधा दोन अर्ध्यांच्या असतात, आणि पाश्चात्त्य चर्चमधील ग्रेगोरियन पठणात याच गोष्टीचा उपयोग केलेला आहे : एका स्थिर स्वरावर शब्द म्हणत जायचे, मध्यावर एक वळण घ्यायचे आणि शेवटी दुसरे. आपल्याला हेच भूप रागाच्या स्वरांत सहज करता येते. तेविसाव्या स्तोत्राची पहिली ओळ घ्यावी : ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे; मला काही उणे पडणार नाही.’ ‘परमेश्वर’ हा शब्द सा-रे करीत गंधारावर (ग) आणावा, ‘माझा मेंढपाळ’ ही अक्षरे गंधारावरच बोलल्यासारखी म्हणावीत आणि ‘आहे’ला पंचमावर (प) क्षणभर थांबावे. दुसऱ्या अर्ध्यात ‘मला काही उणे’ पुन्हा गंधारावर, ‘पडणार’ रिषभावर (रे), आणि ‘नाही’ला षड्जावर (सा) उतरावे. पुढच्या ओळींतही मध्यावर पंचम आणि शेवटी षड्ज हीच जागा ठेवावी. ओळ लांब असेल तर गंधारावर अधिक अक्षरे म्हणावीत, आखूड असेल तर कमी. सगळी चाल सा ते प एवढ्यातच राहत असल्यामुळे लहान मुलांना आणि वयस्कर माणसांनाही ती सारखीच झेपते.

ग्वाल्हेरच्या वाचकांना येथे एक साधन घरचेच आहे. संगीतशास्त्रज्ञ वि. ना. भातखंडे यांच्या पुढाकाराने या शहरात १९१८ साली माधव संगीत विद्यालय सुरू झाले, आणि त्यांची स्वरलिपी गाणे शिकलेल्या कोणालाही वाचता येते. वहीत वर स्वर आणि खाली वचनाचे एक-एक अक्षर लिहावे. अक्षर लांबवायचे असेल तेथे अवग्रहाचे चिन्ह ‘ऽ’ घालावे. लिहून झाल्यावर नुसत्या नजरेने पाहावे. ओळीत ‘ऽ’ फार दिसत असतील, किंवा एकाच अक्षरावर तीन-चार स्वर चढले असतील, तर ती चाल ऐकायला गोड असली तरी पाठांतरासाठी निरुपयोगी आहे, कारण मुरकी लक्षात राहते आणि शब्द निसटतो. ग्वाल्हेर घराण्याच्या गायकीत बंदिशीचे दोन्ही भाग, स्थायी आणि अंतरा, आधी पूर्ण मांडून मगच विस्ताराकडे वळतात, ही शिस्तही येथे घेण्याजोगी आहे : पहिल्या दिवशी संपूर्ण उतारा एकदा अखंड म्हणून दाखवावा आणि त्यानंतरच तो ओळीओळीने शिकवावा.

चाल साधी आणि पुन्हा-पुन्हा येणारी असावी, हे केवळ माझे मत नाही. संशोधक वांडा वॉलेस यांनी १९९४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे दिसले की, एकच चाल अनेक कडव्यांना ऐकू आली तर मजकूर अधिक आठवतो, पण ती एकदाच कानावर पडली तर तसा लाभ होत नाही. चाल ओळखीची झाली की ती पुढच्या ओळीची लांबी आधीच सांगते; एखादा शब्द गळला तर जागा रिकामी राहते आणि चूक म्हणणाऱ्यालाच जाणवते. पाढे म्हणताना एक ओळ सुटली की जीभ अडते, तसेच हे आहे. म्हणून प्रत्येक वचनाला नवी चाल लावण्याची हौस करू नये. सुरुवातीला १३६वे स्तोत्र घेणे मला सर्वांत सोयीचे वाटते, कारण त्याच्या २६ ओळींपैकी प्रत्येक ओळीत परमेश्वराच्या सनातन दयेचे तेच शब्द येतात. ओळीचा पहिला भाग एकाने म्हणावा आणि ते शब्द सर्वांनी उचलावेत, म्हणजे चार वर्षांचे मूलही पहिल्याच दिवशी सामील होते.

यादीवजा वचनांना मात्र ठेका द्यावा. गलतीकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात आत्म्याच्या फळाची नऊ नावे आहेत आणि त्यांचा क्रम अर्थावरून आठवत नाही. ती तीन-तीनच्या गटांत तोडावीत : प्रीती, आनंद, शांती; सहनशीलता, ममता, चांगुलपणा; विश्वासूपणा, सौम्यता, इंद्रियदमन. केहरवा तालाच्या संथ लयीत प्रत्येक गट टाळीवर म्हणावा. पहिल्या गटातले शब्द आखूड आहेत, तेथे थोडे थांबावे लागते. पुढचे लांब आहेत, तेथे घाई करू नये.

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या मराठी घरांतली मुले बहुधा हिंदी किंवा इंग्रजी माध्यमात शिकतात, म्हणून त्यांच्या तोंडी ‘मेंढपाळ’चा ‘मेंढपाल’ होतो आणि ‘उणे’ म्हणजे काय हे त्यांना ठाऊक नसते. चाल लावण्यापूर्वीच अवघड शब्दांचा अर्थ सांगावा आणि ‘ळ’, ‘ण’ घोटून घ्यावेत. अर्थ न कळता गायलेले वचन स्वरांपुरतेच राहते, आणि शास्त्राच्या बाबतीत तेवढ्यावर समाधान मानणे मला योग्य वाटत नाही. बायबलमधील ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात (३१:१९) मोशेला गीत लिहून ते इस्राएल लोकांना शिकवण्याची आणि त्यांच्या मुखी घालण्याची आज्ञा आहे, ती ते गीत देवाच्या वतीने साक्ष व्हावे यासाठी. साक्षीचे शब्द समजूनच म्हणायला हवेत.

संदर्भही गाण्यातच घ्यावा. ‘स्तोत्र तेवीस, ओळ पहिली’ हे शब्द षड्जावर म्हणून मगच वचन सुरू करावे, नाहीतर वचन येते पण ते कोठे आहे हे सांगता येत नाही.

चालीवर पाठ केलेल्या मजकुराची एक मोठी अडचण अशी की तो पहिल्या ओळीपासूनच सुरू करावा लागतो. यावर उपाय दुसऱ्या आठवड्यापासूनच करावा : कोणीही मधली एखादी ओळ उचलावी आणि पुढची दुसऱ्याने म्हणावी. त्यानंतर पेटी बंद करून, मग सूरही सोडून, साध्या बोलण्याच्या आवाजात वचन म्हणावे. प्रार्थनेत किंवा आजाऱ्याच्या उशाशी बसल्यावर ते असेच लागते. जेथे सुराविना अडखळते तेवढीच ओळ पुन्हा चालीवर घ्यावी. उजळणी दुसऱ्या दिवशी, मग आठवड्याने आणि मग महिन्याने ठेवावी. हा क्रम अंगवळणी पडला की ११९व्या स्तोत्राकडे वळावे. त्याचे १७६ श्लोक आठ-आठच्या २२ भागांत विभागलेले आहेत, त्यामुळे आठ ओळींची एकच चाल सगळ्या भागांना पुरते, आणि आठवड्याला एक भाग घेतला तर पाच-सहा महिन्यांत ते पूर्ण होते.