पोलिसांचं हेलिकॉप्टर उडवायचंय? आधी डोळे तपासून घ्या

जुलै २०२१च्या पुरात आम्ही चिपळुणात आत्येच्या माडीवर अडकलो होतो. खाली वाशिष्ठीचं गढूळ पाणी, वर ढग इतके टेकलेले की हेलिकॉप्टरचा आवाज आला, हेलिकॉप्टर दिसलंच नाही. माझ्या डोक्यात मात्र ते बसलं. मामा रत्नागिरीत हवालदार. त्याला विचारलं, पोलिसांचं हेलिकॉप्टर चालवायला कुठली भरती? तो म्हणाला, "अशी पोस्टच नाय गो आमच्यात."

खरंच नाही. गडचिरोलीत जखमी जवानांना हेलिकॉप्टरने नागपूरला हलवतात, पण ते उडवणारा पायलट पोलीस भरतीतून आलेला नसतो. तरी एका एजंटाने "पोलीस पायलट कोटा" सांगून बाबांकडून पैसे घेतलेच. असा कोटा नाही. कुणी सांगितला तर चहा पिऊन उठा.

वाटा वेगळ्या आहेत. पदवी असेल आणि बारावीला गणित-फिजिक्स असेल तर तटरक्षक दल आधी बघा. असिस्टंट कमांडंट म्हणून घेतात आणि फ्लाइंगचा खर्च दल करतं. हेलिकॉप्टरचं ट्रेनिंग अरक्कोणमला, नौदलाच्या आयएनएस राजाळीवर. सीमा सुरक्षा दलाचीही एअर विंग आहे. मी तिसरी, महागडी वाट धरली: स्वतःच्या खर्चाने डीजीसीएचं, म्हणजे सरकारी विमान वाहतूक नियामकाचं, कमर्शियल लायसन्स. विमानाला उड्डाणाचे २०० तास लागतात, हेलिकॉप्टरला १५०. तास कमी म्हणून खूश होऊ नका, हेलिकॉप्टरचा एकेक तास विमानापेक्षा कितीतरी महाग पडतो. माझी बारावी कॉमर्सची, म्हणून गणित-फिजिक्स एनआयओएस या मुक्त शाळेच्या बोर्डातून दिलं. मग डीजीसीएचे पेपर: एअर रेग्युलेशन, नेव्हिगेशन, हवामान, टेक्निकल. प्रत्येकात ७० टक्के हवेत. हवामानाचा पेपर कोकणातल्या माणसाला सोपा जाईल असं वाटलं होतं. नाही गेला, दुसऱ्यांदा सुटला.

फी भरायच्या आधी मेडिकल करा. आधी क्लास टू, मग त्याहून कडक क्लास वन. माझ्या बॅचमधल्या एकाला फी भरून झाल्यावर कळलं की त्याला रंग नीट ओळखता येत नाहीत.

उडवण्याबद्दल एकच सांगते. डाव्या हातात कलेक्टिव्ह, म्हणजे वर-खाली नेणारा दांडा, उजव्यात सायक्लिक, म्हणजे पुढे-मागे-बाजूला नेणारा, पाय नाक वळवणाऱ्या पेडलवर. डाव्या हाताने जरा उचललं की नाक वळतं, ते पायाने सावरलं की यंत्र बाजूला सरकतं, ते उजव्या हाताने धरेपर्यंत उंची गेलेली. होव्हर म्हणजे हे सगळं एका जागी थांबण्यासाठी. पहिले काही तास मी सगळं मैदान फिरले. मग एक दिवस हात सैल सोडला आणि ते थांबलं. भरतीच्या लाटांत होडी धक्क्याला लावताना बाबा वल्हं आवळून धरत नाहीत, तसंच काहीसं.

लायसन्स आलं तरी नोकरी लगेच मिळत नाही. कमी तासांच्या पायलटला कुणी विचारत नाही. वर्षभर घरी बसायची तयारी, आणि तेवढे पैसे, ठेवा.

सध्या मी जुहूला ट्रेनी को-पायलट आहे, बॉम्बे हायच्या, म्हणजे समुद्रातल्या तेलविहिरींच्या, फेऱ्यांसाठी. त्याआधी पाण्यातून सुटकेचं ट्रेनिंग झालं. नकली केबिन पोहण्याच्या तलावात बुडवून उलटी करतात. एक हात खिडकीवर ठेवायचा, हालचाल थांबेपर्यंत पट्टा सोडायचा नाही. विहिरीत सूर मारत वाढलेली मी, तरी पहिल्यांदा नाकातोंडात पाणी गेलं.

मामा गावात अजून "भाची पोलिसांच्या हेलिकॉप्टरवर आहे" असंच सांगतो. दोनदा समजावलं, आता सोडून दिलंय.