सिट-अप मारताना या चुका टाळा, नाहीतर पोट राहतं तसंच आणि कंबर जाते

नाशिकला गोल्फ क्लबच्या ग्राउंडवर सकाळी सहाला गेलात तर एक सीन हमखास दिसतो. ट्रॅकच्या कडेला चार-पाच जण आडवे, प्रत्येकाच्या पावलांवर जोडीदार बसलेला, आणि आडवा झालेला मोठ्याने आकडा मोजत धाडधाड उठतोय, अठ्ठेचाळीस, एकोणपन्नास, तोंड लालबुंद, बोटं मानेमागे घट्ट अडकवलेली, आणि पन्नास झाले की असा धप्पकन पडतो की बघणाऱ्यालाच लागावं. मी पण त्यातलाच होतो म्हणून लिहितोय.

आधी एक क्लिअर करू. सिट-अप म्हणजे शाळेत सर कान धरून मारायला लावायचे त्या उठाबशा नव्हेत, पाठीवर झोपून धड उचलत उठून बसायचं, तो व्यायाम. आमच्या आईचा अजून तोच समज आहे, ती म्हणते पोट कमी करायला उठाबशा कशाला, चार घरची भांडी घास. असो.

माझं असं झालं की चाळिशी ओलांडली आणि शर्टाची खालची बटणं ताणायला लागली. अंबडला कंपनीत आठ-नऊ तास खुर्ची, जाता-येता बाईक, मग एक दिवस जोश आला आणि ठरवलं की रोज शंभर सिट-अप. घरातच, सतरंजीवर, पाय दिवाणाखाली अडकवून, उठल्या उठल्या चहाच्या आधी. महिनाभर एक खाडा नाही. मग एका सकाळी सॉक्स घालायला वाकलो आणि कमरेत अशी उसण भरली की वाकलेला तसाच भिंत धरत पलंगापर्यंत गेलो. बायको म्हणाली, "शंभर झाले ना आजचे?"

दोन आठवड्यांनी दुखणं उतरल्यावर फिजिओ मॅडम म्हणाल्या, एक सिट-अप मारून दाखवा, पण पाय मोकळे ठेवून. मी झोपलो, गुडघे वाकवले, उठायला गेलो आणि पाय हवेत. परत ट्राय केलं, परत पाय हवेत. शंभर मारणारा माणूस आणि एक निघेना राव!

पाय अडकवणं, सगळ्यात मोठी चूक

त्या एका न निघालेल्या सिट-अपमागचं कारण नीट समजून घ्या, बाकीच्या निम्म्या चुका आपोआप कळतील. पाठीवर झोपून आपण वर येतो त्यातलं पहिलं काम, म्हणजे डोकं आणि खांद्याची पाती जमिनीवरून सुटेपर्यंतचं, साधारण ३० अंशांपर्यंतचं, ते पोटाच्या स्नायूंचं. त्यापुढे पूर्ण बसेपर्यंत जोर जास्त करून खुब्याच्या पुढच्या स्नायूंचा लागतो. त्यातला मुख्य सोआस, तो कमरेच्या मणक्यांपासून निघून मांडीच्या हाडाला वरच्या बाजूला आत जाऊन चिकटतो. म्हणजे तो जोरात ओढला की तो ओढ कुठे देणार, कमरेच्या मणक्यालाच ना. पाय दिवाणाखाली अडकवले की त्याला आयता आधार मिळतो, मग पोट आरामात बसतं आणि सोआस तुम्हाला दोरीने ओढल्यासारखा वर आणतो. आकडा वाढत जातो, वाटतं काय पोट तयार होतंय, आणि कंबर बिचारी रोज मार खाते. आमच्यासारखे दिवसभर खुर्चीत बसणारे लोक असतील तर हा स्नायू आधीच आखडलेला असतो, म्हणजे अजून वाईट.

गुडघे वाकवले की सोआस बंद पडतो असं जिममध्ये बरेच जण छातीठोक सांगतात, ते काही खरं नाही, तो तेव्हाही चालूच असतो. तरी वाकवा, कारण सरळ पायांनी बहुतेकांच्या कमरेची कमान वर उचलली जाते. गुडघ्यात साधारण काटकोन, पावलं खुब्याएवढ्या अंतरावर, पूर्ण टेकलेली.

पाय वर उचलले जातायत? मग खाली दाबायला माणूस बसवू नका, तुमची पूर्ण सिट-अपची तयारी अजून झालेली नाही एवढाच त्याचा अर्थ. फक्त पाती सुटेपर्यंत या, तिथे दोन सेकंद थांबा, हळू खाली जा. तीन-चार आठवडे एवढंच करा. अजून एक युक्ती आहे, उलटं करायचं. बसलेल्या पोझिशनमधून सुरुवात करायची आणि पाच मोजत मोजत एकेक मणका टेकवत खाली जायचं, वर येताना हाताचा आधार घेऊन या. मला पहिला स्वच्छ, मोकळ्या पायाचा सिट-अप यायला जवळजवळ दोन महिने लागले आणि खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मी घरात ओरडलो होतो.

मान दुखतेय?

दुसऱ्या दिवशी पोटाऐवजी मान धरली असेल तर तुम्ही डोकं हाताने ओढताय. बोटं एकमेकांत अडकवून मानेमागे ठेवली की थकल्यावर हात काम करायला लागतात, आपल्याला कळत पण नाही. हात छातीवर घडी घालून ठेवा किंवा बोटांची टोकं नुसती कानाजवळ. हनुवटी आणि छातीच्या मध्ये एक मोसंबं धरलंय असं समजा, ते पडलंही नाही पाहिजे आणि चेपलंही नाही पाहिजे. नजर छताकडे तिरकी. स्वतःच्या गुडघ्यांना डोकं लावायची घाई कशाला?

झटका आणि धप्पकन पडणं

वर येताना हात पुढे भिरकावून, खालून बूड आपटून वेग घ्यायचा हा प्रकार बऱ्याच जणांचा असतो, विशेषतः घड्याळ लावून मारणाऱ्यांचा. वेगाने आलात तर जोर वेगाचा, तुमचा नाही. वर दोन सेकंद, खाली तीन ते चार. खाली जाताना पोटाला जो ताण बसतो त्यात अर्धी कमाई आहे आणि बहुतेक लोक तीच फुकट घालवतात. या स्पीडने मारून बघा, पन्नासवाला बारावर आडवा होतो की नाही सांगा.

श्वास

वर येताना सोडा, खाली जाताना घ्या, बस. कोंडून ठेवलात तर तोंड लाल होतं, डोक्यात ठोके पडतात आणि पोट आत जायच्या ऐवजी बाहेर फुगतं. बीपीवाल्यांनी श्वास कोंडून जोर लावायचाच नाही, त्यात गंमत नाही. मॅडमनी मला सांगितलेलं ते असं, की गरम चहावर फुंकर मारतो तसा ओठातून श्वास सोडत वर यायचं. चहाच्या आधी मारायचो म्हणून मुद्दाम टोमणा होता का काय माहीत नाही.

अंथरुणातून थेट सतरंजीवर

ही चूक कोणी चूक समजतच नाही. रात्रभर आपण आडवे असतो तेव्हा मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगतात, त्यामुळेच सकाळी माणूस एखाद सेंटिमीटर उंच भरतो. अशा टम्म चकत्यांवर उठल्या उठल्या वाकायचा जोर टाकला की त्यांच्यावरचा ताण दिवसभरातल्या इतर वेळेपेक्षा जास्त असतो. तासभर जाऊ द्या. आणि डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडची थंडी काय असते ते निफाडच्या बातम्या वाचणाऱ्यांना सांगायला नको, अंग लाकडासारखं झालेलं असतं. आधी ट्रॅकला दोन-तीन राऊंड चाला, अंग कोमट होऊ द्या, मग आडवे व्हा. मी आता सिट-अप संध्याकाळी कामावरून आल्यावर, जेवणाआधी करतो, सकाळ फक्त चालायला ठेवलीय.

आडवे कुठे होता ते पण बघा. सिमेंटवर पातळ चादर टाकली तर माकडहाड सोलवटतं आणि माणूस नकळत एका बाजूला कलून उठायला लागतो. गादीवर केलं तर कंबर खड्ड्यात जाते. जाड योगा मॅट किंवा दोन सतरंज्या, सपाट फरशीवर, एवढं पुरे.

सिट-अपने ढेरी जात नाही

इथे लोक नाराज होतात. जिथला व्यायाम तिथलीच चरबी जाईल असं शरीर चालत नाही, चरबी कुठून आधी उतरवायची ते शरीर ठरवतं. सिट-अपने आतला स्नायू घट्ट होतो, पण त्याच्यावरची रजई तशीच राहिली तर दिसणार काय? आणि एका सिट-अपला उष्मांक पण फार लागत नाहीत. रविवारी पांडवलेणीच्या पायऱ्या चढून आलो म्हणून मग दोन पाव जास्त, तर्री वेगळी, वरून जिलबी, हे मी स्वतः वर्षभर केलंय, त्यामुळे मला कोणाला शिकवायचा अधिकार नाही. मिसळ सोडा असं मी नाशिकमध्ये राहून लिहिणार पण नाही. तिसरा पाव सोडा म्हणतो फक्त.

फक्त सिट-अप म्हणजे कोअर, हा गैरसमज

कोअर म्हणजे पोटाचे चौकोन एवढंच धरतो आपण. खरं तर पुढे पोट, बाजूला कुशीचे स्नायू, मागे पाठीचे, खाली ओटीपोटाच्या तळाचे स्नायू, वर श्वासाचा पडदा, हे सगळं मिळून एक पिंप आहे आणि त्याचं रोजचं काम म्हणजे कंबर हलू न देणं. गॅसचा सिलेंडर उचलताना, गंगापूर रोडच्या खड्ड्यातून बाईक जाताना, कोअर काय करतं तर धक्का थोपवून धरतं. सिट-अपमध्ये आपण त्याला फक्त वाकायला शिकवतो. अमेरिकेच्या आर्मीत १९८० पासून फिटनेस टेस्टमध्ये दोन मिनिटांचे सिट-अप होते, २०२२ मध्ये नवी टेस्ट लागू झाली त्यात सिट-अप नव्हते, त्या जागी प्लँक आला, म्हणजे पालथं होऊन कोपरांवर आणि पायाच्या बोटांवर अंग फळीसारखं सरळ धरून ठेवायचं.

कॅनडातल्या वॉटरलू युनिव्हर्सिटीतले स्टुअर्ट मॅकगिल, ज्यांनी आयुष्यभर पाठीच्या मणक्यावर काम केलंय, त्यांचे तीन व्यायाम जगभर फिजिओ लोक देतात, मला पण तेच दिले. पहिला कर्ल-अप. पाठीवर झोपायचं, एक पाय सरळ, दुसऱ्याचा गुडघा वाकवलेला, दोन्ही तळहात कमरेच्या कमानीखाली. आता डोकं आणि खांदे जेमतेम उचलायचे, खालचं हाताचं सँडविच चेपायचं नाही. आठ-दहा सेकंद धरायचं. बघायला फालतू वाटतं, चार झाले की पोट थरथरतं. दुसरा साइड प्लँक, म्हणजे एका कुशीवर होऊन कोपरावर अंग सरळ उचलून धरायचं, सुरुवातीला पाय लांब न करता गुडघ्यांवर करा. तिसरा बर्ड डॉग, म्हणजे घोडा घोडा खेळताना मुलासाठी होतो तसं चार पायांवर व्हायचं आणि उजवा हात, डावा पाय सरळ लांब करायचा, मग उलट. पाठीवर पाण्याचा पेला ठेवलाय आणि सांडायचा नाही अशा बेताने. आमच्या पोरीने खरंच ठेवला होता, सांडला.

आठवड्यातून तीन-चार दिवस हे तीन, आणि त्यातल्या दोन दिवशी शेवटी सिट-अपचे आठ-दहाचे तीन सेट. रोज पोट मारायची गरज नाही, त्यालाही इतर स्नायूंसारखी विश्रांती लागते.

भरतीची तयारी करणाऱ्या पोरांसाठी वेगळं सांगतो कारण ग्राउंडवर सगळ्यात जास्त तीच दिसतात. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत सिट-अप नाहीतच रे, मुलांना १६०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक, मुलींना १६०० च्या जागी ८००. मग रोज दीडशे मारून कंबर धरून बसायचं कारण काय? हवाई दलाच्या अग्निवीर भरतीत सिट-अप आहेत, ते पण मुलांना एका मिनिटात १०. दहा! म्हणजे सहा सेकंदाला एक, वर सांगितलेल्या हळू स्पीडने सुद्धा बसतात.

कोणी करूच नये

स्लिप डिस्क असलेले, वाकलं की पायात कळ जाणारे, हाडं ठिसूळ झालेत असं डॉक्टरांनी सांगितलेलं असेल ते, हर्नियावाले, आणि गरोदर बायका, यांनी सिट-अप स्वतःच्या मनाने करू नयेत. बाळंतपणानंतर पण लगेच नको. पोटाच्या मधोमध दोन स्नायूंमध्ये फट राहिलेली असू शकते, उठताना बेंबीच्या वर-खाली डोंगरासारखा उंचवटा दिसला तर थांबा आणि आधी फिजिओला दाखवा. आणि व्यायाम करताना पायाला मुंग्या आल्या, बधिर वाटलं, तर "सहन करतो, जाईल" हा मराठी बाणा तिथे दाखवू नका, डॉक्टरांकडे जा.

सिट-अप मारताना पोटाच्या स्नायूला पेटका आला तर मात्र घाबरायचं नाही, उताणे पडून हात डोक्यावरून मागे लांब ताणा, दोन-चार मोठे श्वास, सुटतो.

आणि हे सगळं आपण बरोबर करतोय का ते कसं कळणार, तर मोबाईल पाण्याच्या बाटलीला टेकवून जमिनीवर ठेवा, बाजूने व्हिडिओ काढा, पाचच सिट-अप. आरशाचा उपयोग नाही, बघायला मान वळवली की सगळंच बिघडतं. व्हिडिओत तीन गोष्टी बघा. पावलं उचलली जातायत का, हनुवटी छातीला चिकटतेय का, आणि खाली जाताना पाठ गुंडाळी सोडल्यासारखी टेकतेय की फळी पडल्यासारखी. माझ्या पहिल्या व्हिडिओत तिन्ही चुका होत्या, शिवाय मागे दिवाणावर बसून बायको चहा पीत हसतेय हे पण आलंय, म्हणून तो अजून डिलीट केला नाही.