पी ०४०१ आला म्हणून ईजीआर व्हॉल्व्ह बदलू नका

स्कॅनरवर (गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले दोषांचे कोड वाचणारं यंत्र) पी ०४०१ हा कोड दिसला की काउंटरवरचा पोरगा मान वर न करताच सांगतो, "ईजीआर गेला, नवा टाका." (ईजीआर म्हणजे एक्झॉस्टचा थोडा जळका वायू परत इंजिनात सोडणारी व्यवस्था; तो सोडायचं दार म्हणजे व्हॉल्व्ह.) माझा तेवढ्यावर विश्वास बसला होता. नवा व्हॉल्व्ह टाकला, डॅशबोर्डवरचा इंजिनाचा दिवा विझला, आणि चौथ्या दिवशी तुळजापूरचा घाट चढून वर गेलो तर दिवा पुन्हा समोर हजर. पैसे गेले ते गेलेच, जुना व्हॉल्व्ह चांगला होता हे नंतर कळलं ते वेगळंच.

हा कोड एवढंच सांगतो की एक्झॉस्टचा जितका वायू परत इंजिनात यायला हवा तितका येत नाही. का येत नाही, ते सांगत नाही. सोलापूरकरांना हे जास्त समजवायला नको: नळाला पाणी आलं नाही म्हणून कोणी तोटी बदलत नाही. (व्हॉल्व्हच्या वायरिंगची तक्रार असेल तर पी ०४०३ येतो, प्रवाह जास्त झाला तर पी ०४०२. कोड नीट वाचा.)

डिझेल गाडीत ईजीआरच्या पाइपात सहसा मीटर नसतो. कॉम्प्युटर अंदाज बांधतो तो एअर फिल्टरजवळच्या एमएएफ सेन्सरवरून, म्हणजे आत येणाऱ्या ताज्या हवेच्या मोजमापावरून. व्हॉल्व्ह उघडून जळका वायू आत आला की तितकी ताजी हवा कमी ओढली जाते. व्हॉल्व्हला उघड म्हटलं आणि ताजी हवा अपेक्षेइतकी कमी झाली नाही, की पी ०४०१. पुढची सगळी तपासणी या एका वाक्यावर उभी आहे.

आधी सोपं उरकून घ्या. गाडी थंड असताना, म्हणजे आपल्याकडे एप्रिल-मे असेल तर सकाळी लवकर, बॉनेट उघडा. व्हॅक्यूमवर चालणारा ईजीआर असेल तर बारीक रबरी पाइप बोटांनी वाकवून बघा. इथल्या उन्हात आणि इंजिनाच्या धगीत ते कडक होऊन टोकाशी चिरतात. टोक कापून परत बसवलं की कित्येकदा काम तिथंच संपतं. वायरचा कपलर (जोड) नीट बसलाय का, एअर फिल्टर धुळीने गच्च झालाय का, तेही बघा.

टर्बोकडून (हवा दाबून भरणारा पंखा) इंटरकूलरला (ती हवा थंड करणारी जाळी) आणि तिथून इंजिनाकडे जाणाऱ्या जाड होजच्या क्लॅम्पखाली हात फिरवा. ओलसर तेल लागलं तर तिथून हवा फुटत असण्याची शक्यता आहे. अशी हवा एमएएफ मोजतो, पण इंजिनापर्यंत ती पोचतच नाही. कॉम्प्युटरला वाटतं ताजी हवा जास्त, म्हणजे ईजीआर कमी. ईजीआर बिचारा निर्दोष.

आता अवघड भाग. व्हॉल्व्ह उघडत नाही, की उघडतो पण वायू येत नाही, हे ठरवायचं. यातच माझे दोन दिवस गेले.

नुसते कोड वाचणारा स्वस्त स्कॅनर इथं उपयोगाचा नाही. चालू आकडे दाखवणारा आणि व्हॉल्व्हला स्वतः हुकूम देऊ शकणारा स्कॅनर लागतो. विकत घेऊ नका, ओळखीच्या गॅरेजमधून तासाभरासाठी मागा. गाडी उघड्यावर लावा, बंद शेडमध्ये नाही. इंजिन ८० अंशांच्या वर तापू द्या, एसी बंद करा. स्कॅनरवर तीन ओळी एकाखाली एक लावा: ईजीआरला दिलेला हुकूम, ईजीआरची खरी स्थिती, आणि एमएएफ. एमएएफ शक्यतो मिलिग्रॅम प्रति स्ट्रोकमध्ये ठेवा, म्हणजे एक सिलिंडर एका वेळेस किती हवा ओढतो ते.

माझी चूक ऐका. गाडी स्लोवर (रेस न देता) चालू ठेवून मी चहा घ्यायला गेलो. परत येऊन बघतो तर हुकूम शून्य, स्थिती शून्य. व्हॉल्व्ह मेला असं ठरवून मोकळा झालो. खरी गोष्ट अशी की बऱ्याच डिझेल गाड्यांत इंजिन काही मिनिटं सलग स्लोवर राहिलं की कॉम्प्युटर स्वतःच ईजीआर बंद करतो, काजळी साचू नये म्हणून. पूर्ण रेस दिली तरी बंदच करतो. मी बंद दुकानाचं दार वाजवत बसलो होतो. म्हणून एकदा हलकी रेस द्या, सोडा, आणि इंजिन स्लोवर आल्यावर लगेच आकडे बघा. किंवा स्कॅनरच्या अॅक्च्युएटर टेस्टमधून व्हॉल्व्ह आपणच उघडा-मिटा. मी आता दुसराच मार्ग धरतो.

आधी व्हॉल्व्ह पूर्ण बंद ठेवून एमएएफ वाचा. तो आकडा बरोबर की चूक हे कंपनीच्या पुस्तकाशिवायही कळतं. सव्वा लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन धरा, १२४८ सीसी. एका सिलिंडरच्या वाट्याला ३१२ सीसी. सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटर उंच, त्यात ऊन, म्हणजे इथल्या एक लिटर हवेचं वजन १.१ ग्रॅमच्या आसपास. ३१२ सीसीची झाली सुमारे ३४० मिलिग्रॅम. सिलिंडर कधीच शंभर टक्के भरत नाही, म्हणून २९०-३०० दिसायला हवेत. व्हॉल्व्ह बंद असताना स्लोवर ३८० दिसत असतील तर एमएएफच खोटं बोलतोय. त्याला एमएएफचाच स्प्रे मारा, कार्ब्युरेटरचा नको, आणि आतल्या तारेला बोट लावू नका.

आता व्हॉल्व्ह उघडा. हुकूम वाढला पण स्थितीचा आकडा हलला नाही, तर व्हॉल्व्ह अडकलाय किंवा त्याची वायर, मोटर, व्हॅक्यूम यांत दोष आहे. स्थिती व्यवस्थित हलली आणि एमएएफही ठळकपणे खाली आला, समजा २९५ वरून २००च्या आसपास, तर रस्ता मोकळा आहे. पुन्हा होज आणि सेन्सरकडे वळा.

तिसरी शक्यता मला नडली. स्थिती ० वरून ६० टक्के गेली, आणि एमएएफ २९५ वरून २८५. मी स्थितीचा आकडा बघून खूश, एमएएफकडे लक्षच नाही. व्हॉल्व्ह उघडत होता हो, पण त्याच्या पुढचं दार बुजलेलं होतं. इनटेक मॅनिफोल्ड (सिलिंडरांना हवा वाटून देणारा भाग) सोडला तेव्हा ज्या भोकात अंगठा सहज जायला हवा तिथं पेन्सिल जेमतेम जात होती. आत काळं, चिकट, अर्धवट वाळलेल्या डांबरासारखं. ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर सोडणारा पाइप) येणारी तेलाची वाफ आणि काजळी एकत्र झाली की हेच तयार होतं. होटगी रोडवरून चाटी गल्ली आणि परत, शहरातल्या शहरात एवढंच रोज फिरणाऱ्या गाडीत ते लवकर होतं. इंजिन धड तापतच नाही.

व्हॅक्यूमचा व्हॉल्व्ह असेल तर त्याला बहुधा स्थितीचा आकडाच नसतो. हातपंप लावून व्हॅक्यूम द्या आणि दांडी उचलते का ते डोळ्यांनी बघा. काटा आपोआप खाली येत असेल तर डायफ्राम (व्हॉल्व्हची दांडी ओढणारा आतला पडदा) फाटलाय. तोंडाने ओढून तपासणारे महाभाग आहेत, तुम्ही त्यात जाऊ नका. पेट्रोल गाडीत व्हॅक्यूमचा ईजीआर असेल तर याहून सोपं: स्लोवर पंपाने व्हॉल्व्ह उघडला की इंजिन अडखळायला किंवा बंद पडायला हवं. काहीच झालं नाही आणि दांडी उचललेली दिसतेय, तर रस्ता बुजलाय.

बुजलेलं कुठं आहे ते शोधायला व्हॉल्व्ह सोडा, मोबाइलचा टॉर्च दोन्ही तोंडांत मारा. एक्झॉस्टकडची बाजू सहसा कोरडी आणि मोकळी असते, घाण इनटेककडे. दोन्ही मोकळ्या असतील तर बुजलाय तो ईजीआर कूलर (जळका वायू थंड करणारा भाग). आणि कूलंट कुठंही सांडल्याशिवाय कमी होत असेल तर कूलर आतून फुटल्याचा संशय घ्या; तो साफ करण्यात वेळ घालवू नका, बदला.

साफसफाईबद्दल माझी मतं पक्की आहेत. चालू डिझेल इंजिनात इनटेकमधून स्प्रे मारू नका, ते भडकून रेस घेऊ शकतं. मॅनिफोल्ड काढा, प्लास्टिकच्या किंवा लाकडी पट्टीने खरवडा, कार्बन क्लीनरमध्ये भिजवा, जुन्या सोलापुरी टॉवेलचं फडकं करून पुसा. कॉस्टिक सोड्यात बुडवायचा सल्ला मिळेल, कारण तो स्वस्त आहे. मॅनिफोल्ड अॅल्युमिनियमचा असेल तर कॉस्टिक त्यालाच खातो, वर हायड्रोजन सुटतो. मी एकाचा फेसाळलेला मॅनिफोल्ड पाहिलाय, गॅस्केटचा पृष्ठभाग खवल्याखवल्यांचा झाला होता. व्हॉल्व्हच्या सीटवर तारेचा ब्रशही नको.

पत्रा लावून ईजीआर बंद करून टाका, असं सांगणारा तर दर चौकात एक आहे. पीयूसीत डिझेलचा फक्त धूर मोजतात, नायट्रोजनचे ऑक्साइड नाहीत, म्हणून गाडी पास होते आणि सांगणारा शहाणा ठरतो. पण व्हॉल्व्ह उघडूनही हवा कमी न झालेली कॉम्प्युटरला दिसतेच, आणि पी ०४०१ परत येतो. ज्यासाठी आलात तोच कोड.

नवी गॅस्केट टाकून जोडा, गाडीला हवी असेल तर स्कॅनरने व्हॉल्व्हची बंद स्थिती शिकवा, कोड पुसा.

मग लांब फेरी. गल्लीत चक्कर मारून दिवा लागला नाही म्हणजे काम झालं असं नाही; कॉम्प्युटर ही तपासणी गरम इंजिनावर, ठरावीक वेगात आणि लोडवरच करतो, आणि बऱ्याच गाड्यांत लागोपाठ दोन फेऱ्यांत दोष दिसल्यावरच दिवा लावतो. मी बाळ्यावरून पुणे हायवेला लागतो, मोहोळपर्यंत चौथ्या गिअरमध्ये साठ-सत्तर, पाय शक्य तितका एकाच जागी. तिथं गाडी बंद करून पाच मिनिटं थांबतो, तशीच परत आणतो. घरी आल्यावर इंजिन बंद करायच्या आधी स्कॅनरवर पेंडिंग कोड (दिवा लागायच्या आधीच नोंदलेला) बघतो आणि व्हॉल्व्ह उघडून एमएएफ पुन्हा एकदा वाचतो. त्या दिवशी तो २९५ वरून १९० ला आला होता.