गोंगाट असलेल्या हॉटेलात बसण्याची जागा कशी निवडावी

ऐकू कमी येणाऱ्याने ठाण्यात राम मारुती रस्त्यावर किंवा घोडबंदर रस्त्यावर शनिवारी रात्री साडेआठला जेवायला जाण्यापेक्षा मधल्या वारी सातच्या सुमारास जावे आणि टेबल राखून ठेवतानाच स्पीकर, स्वयंपाकघराचे दार व गल्ला यांपासून दूरची जागा मागावी.

मात्र सर्वांत अधिक फरक पडतो तो बसण्याच्या दिशेने. पुष्कळ श्रवणयंत्रांत समोरचा आवाज अधिक टिपणारे आणि मागचा कमी करणारे मायक्रोफोन असतात. म्हणून असे यंत्र वापरणाऱ्याने गोंगाटाकडे पाठ आणि आपल्या माणसांकडे तोंड करून बसावे. कोपरा मिळाला म्हणून भिंतीला पाठ लावून सगळ्या हॉटेलाकडे तोंड करणे अशा वेळी उलटेच ठरते. एका कानाने बरे ऐकू येत असल्यास तो कान सोबत्यांच्या बाजूला राहील असे पाहावे. उजेड बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर पडावा, कारण ओठांच्या हालचालींची मदत आपण समजतो त्याहून मोठी असते.

काच, फरशी आणि उघडे छत आवाज परतवतात, तर पडदे व गादीच्या खुर्च्या तो शोषतात. बोलणाऱ्याचे अंतर निम्मे झाले की मोकळ्या जागेत आवाज सुमारे ६ डेसिबलने वाढतो, त्यामुळे बाराजणांच्या लांबलचक टेबलापेक्षा चौघांचे लहान टेबल केव्हाही बरे. संगीत हळू करण्यास सांगताना संकोच बाळगू नये. बहुतेक व्यवस्थापक ते करतात.