सांगलीतून तासगावचा दम मोजताना

माझा फिजिओथेरपीचा दवाखाना सांगलीत, विश्रामबागेत. माझे एक पेशंट काका तासगाव तालुक्यातले द्राक्षबागायतदार. फ्लूचं न्यूमोनियात रूपांतर झालं, आठ दिवस ॲडमिट होते. घरी आले तेव्हा न्हाणीपर्यंत जायलाही धाप लागायची. त्यांना गाडीत घालून माझ्याकडे आणायचं तर सगळी ताकद रस्त्यातच संपायची, म्हणून आठवड्यातून तीनदा व्हिडिओ कॉल ठरला. तुमच्याकडेही असंच करायचं असेल, तर आधी डॉक्टरांचा होकार घ्या. अंगात ताप असेल तर व्यायाम नाहीच.

पहिला कॉल फोन कुठे ठेवायचा यातच जातो. हातात धरला की मला नाक आणि पंखा दिसतो. काकूंनी स्टुलावर पिठाचा डबा ठेवून त्याला फोन आडवा टेकवला, सात-आठ फुटांवर. मला तळपायापासून डोक्यापर्यंत माणूस दिसायला हवा: श्वास घेताना खांदे उचलतात का, ओठ निळसर पडतात का, उठताना पाय लटपटतात का. खुर्ची भिंतीला टेकवा, प्लास्टिकची फरशीवर सरकते. आणि घरचं कुणीतरी हाताच्या अंतरावर उभं हवंच. रेंज गेली तर मी काही धावत येऊ शकत नाही.

ऑक्सिमीटर, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन टक्क्यांत दाखवणारा बोटाचा चिमटा, लावताना बोट गार नको, नखाला नेलपॉलिश नको, हात मांडीवर स्थिर. लावल्या लावल्या दिसणारा आकडा खोटा असू शकतो, अर्धा-एक मिनिट थांबून वाचा. बसल्या जागी 94 पेक्षा कमी असेल तर त्या दिवशी व्यायाम बंद, डॉक्टरांना फोन. व्यायाम करताना तीन-चार अंकांनी उतरला तरी थांबायचं आणि त्याच दिवशी कळवायचं. 90 च्या खाली गेला, छातीत दुखलं, चक्कर आली तर मला सांगत बसू नका, थेट हॉस्पिटल गाठा.

आता दम मोजायचा. किती दम लागला ते सांगायला गुन्नार बोर्ग या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाच्या पट्टीवर शून्य ते दहा असे आकडे असतात. काकांना ते काही पटेनात. म्हणाले, "मॅडम, रुपयात इचारा." मग ठरलं: सोळा आण्यांपैकी चार ते सहा आणे दम चालेल, आठ आणे झाला की बसायचं. खात्री म्हणून मध्येच पाढा म्हणायला लावते. तेराचा पाढा अडला तेव्हा मी घाबरून थांबवलं, तर काका हसत म्हणाले, "दम न्हाई, पाढाच इसरलो." तेव्हापासून बेचाच.

व्यायाम दिसायला किरकोळ आहे. खुर्चीतून उठणं-बसणं पाच वेळा; उठताना श्वास सोडायचा, रोखायचा नाही. धाप लागली की पुढे झुकून कोपरं मांडीवर, नाकाने श्वास आत, आणि गरम चहावर फुंकर घालावी तसा ओठांतून सावकाश बाहेर, आत घेतला त्याच्या दुप्पट वेळ. आकडा जाग्यावर आला की पुन्हा पाच. सुरुवातीला असे तीनच फेरे. नंतर भिंतीला हात टेकून टाचा उचलणं, मग अंगणात चालणं.

पण माझं खरं लक्ष असतं कॉलच्या पहिल्या प्रश्नाकडे: "काल आणि परवा कसं गेलं?" या आजारानंतरचा थकवा फसवा असतो. श्रम केले त्या दिवशी माणूस ठणठणीत वाटतो आणि एक-दोन दिवसांनी आडवा होतो. दुसऱ्या आठवड्यात काका छाटणीवर नजर ठेवायला म्हणून बागेत गेले आणि दुपारपर्यंत उभे राहिले. आकडा 96, दम नाही, काकूंना वाटलं बरे झाले. तिसऱ्या दिवशी अंथरुणातून उठवेना. अशा वेळी 'जोर लावून अंग मोकळं करा' म्हणणारे पाहुणे भेटतात, त्यांचं ऐकू नका. आम्ही दोन दिवस पूर्ण थांबलो आणि निम्म्यावर येऊन सुरुवात केली. तसा थकवा पुन्हा पुन्हा येत असेल तर व्यायाम वाढवायचाच नाही, दिवसभराची कामं तुकड्या-तुकड्यांनी करायची.

वाढवायचं ते एका वेळी एकच: फेरे किंवा चालणं, दोन्ही नाही. वाढवल्यावर दोन दिवस वाट बघायची. काकू वहीत दम आण्यात लिहितात, चालणं द्राक्षाच्या ओळींत. काल फोटो आला: चार ओळी, पाच आणे, मध्ये एकदा बांधावर बसले.